मैत्रीच्या मोलात गेलेले बेट

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही आज लोकलच्या फलकावरची नावे असली, तरी अडीचशे वर्षांपूर्वी ती मुंबईत नव्हती. ती साष्टी नावाच्या स्वतंत्र बेटावरची गावे होती. माहीमच्या खाडीच्या दक्षिणेस इंग्रजांची मुंबई, उत्तरेस पेशव्यांची साष्टी, आणि मध्ये भरती-ओहोटीचे पाणी. मराठी इतिहासाच्या लोकप्रिय कथनात हे बेट चिमाजी आप्पांच्या मोहिमेत एकदा येते आणि राघोबादादांच्या नावाने बोटे मोडण्यासाठी आणखी एकदा. त्या दुसऱ्या प्रसंगी ‘फितुरी’ हा एक शब्द उच्चारला की प्रकरण मिटले, असे समजले जाते.

तो शब्द येथे अपुरा आहे. साष्टीचा इतिहास हा लष्करी मैत्रीचा इतिहास आहे. दुर्बळ बाजूने प्रबळ बाजूकडे फौज मागायची आणि मोबदल्यात जमीन द्यायची, हा व्यवहार या बेटाच्या बाबतीत एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा झाला. दर वेळी मैत्री संपली; जमीन मात्र परत आली नाही.

पहिला व्यवहार १५३४ चा. गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या आक्रमणाच्या सावटाखाली होता. समुद्रावर पोर्तुगीजांशी आणि जमिनीवर मोगलांशी एकाच वेळी लढणे त्याला परवडणारे नव्हते. त्या वर्षीच्या डिसेंबरात झालेल्या वसईच्या तहाने त्याने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. साष्टी आणि मुंबईची बेटे त्यातच गेली. पुढच्या वर्षी हुमायून गुजरातेत उतरला, चांपानेर पडले आणि बहादूरशाहाला पोर्तुगीजांची मनधरणी करताना दीवला किल्ला बांधण्याची परवानगीही द्यावी लागली. १५३६ पर्यंत हुमायून माघारी वळला. संकट टळले, तेव्हा सुलतानाच्या लक्षात आले की दीवच्या बंदरावर आता मित्राचा किल्ला उभा आहे. १५३७ च्या फेब्रुवारीत त्याच दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो मारला गेला. ज्या संकटासाठी मैत्री केली ते जेमतेम दोन वर्षे टिकले. त्यासाठी दिलेली साष्टी पोर्तुगीजांकडे दोनशे वर्षे राहिली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यात उभे राहिलेले ख्रिस्ती प्रार्थनास्थळ हा त्याच काळाचा ठसा.

दुसरा व्यवहार लिस्बन आणि लंडन यांच्यातला. पोर्तुगाल आणि इंग्लंड यांची मैत्री जुनी. तिचा विंडसरचा तह १३८६ सालचा. १६६१ मध्ये ब्रगांझाच्या कॅथरीनच्या हुंड्यात मुंबई दुसऱ्या चार्ल्सला मिळाली, ही गोष्ट शाळेतल्या पुस्तकात असते. त्या तहाला एक गुप्त कलमही होते, हे फारसे सांगितले जात नाही. पूर्वेकडील पोर्तुगीज ठाण्यांचे डचांपासून रक्षण करण्याची जबाबदारी इंग्लंडने त्यात स्वीकारली होती. म्हणजे हुंडा म्हणून जे ओळखले जाते, ते वस्तुतः संरक्षणाचे आगाऊ दिलेले मोल होते.

या मोलाचे पुढे काय झाले? १६६२ च्या सप्टेंबरात इंग्रजी गलबते मुंबईच्या बंदरात आली आणि लगेच वाद पेटला. इंग्रजांच्या मते ‘मुंबई’मध्ये साष्टीही येत होती; पोर्तुगीज व्हाइसरॉय एक बेट देण्यासही तयार नव्हता. हा घोळ चालू असतानाच १६६३ च्या जानेवारीत डचांनी पोर्तुगीजांचे कोचीन घेतले. इंग्रज त्यांच्या मदतीला गेले नाहीत. ताबा मिळवण्यासाठी आलेला सर अब्राहम शिपमन अंजदीवच्या बेटावर वाट पाहत मरण पावला. अखेर १६६५ मध्ये हम्फ्री कूकने मुंबई ताब्यात घेतली, साष्टीविना. मित्राने रक्षण केले नाही. मोल मात्र वसूल केले, आणि उरलेल्या भागावरचा डोळाही काढला नाही.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. या मोहिमेच्या शौर्याबद्दल मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. येथे त्याच वर्षीचा जुलै पाहणे अधिक उद्बोधक. वसईच्या वेढ्यात पोर्तुगीजांनी मुंबईकडे मदतीची याचना केली होती. मुंबईकर इंग्रजांनी त्यांच्यासाठी युद्धात उडी घेतली नाही. वसई पडल्यावर दोन महिन्यांच्या आत कॅप्टन इंचबर्ड चिमाजी आप्पांशी वाटाघाटी करून तह पदरात पाडून घेतो. साडेतीनशे वर्षांचे मित्र हरले आणि इंग्रजांनी जिंकणाऱ्याशी व्यापार ठरवला. यात इंग्रजांचा विश्वासघातकी स्वभाव शोधण्यापेक्षा भूगोल पाहावा. मुंबई हे उत्तम बंदर होते, पण अरुंद बेट. धान्य आणि लाकूडफाटा बाहेरून यायचा. समोरच्या साष्टीत भातशेती होती, ठाण्याची खाडी तिला लगटून होती, आणि त्या काठावर तोफा चढवणारा कोणीही मुंबईचा श्वास रोखू शकत होता. साष्टी ज्याच्या हाती, त्याच्याशी मुंबईला एक तर गोडीत राहणे भाग होते, नाही तर साष्टीच घेणे.

ही गरज राघोबादादांच्या आधीची आहे, हे नीट ध्यानात घ्यायला हवे. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतच टॉमस मॉस्टिन पुण्यास आला होता आणि साष्टी व वसई मिळवणे हा कंपनीच्या इच्छांपैकी एक होता. माधवरावांनी दाद दिली नाही. मॉस्टिन १७७२ मध्ये पुन्हा आला, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात माधवराव गेले आणि १७७३ च्या ३० ऑगस्टला नारायणरावांचा खून झाला. बारभाईंनी राघोबादादांना पदच्युत केले, तेव्हा त्यांना फौज हवी होती. मुंबईच्या कौन्सिलकडे फौज होती आणि तिची किंमत फार आधीपासून ठरलेली होती.

येथे लोकप्रिय कथन एक तपशील हमखास गाळते. राघोबादादांनी आरंभी साष्टी आणि वसई देण्यास नकार दिला होता. बोलणी लांबली. पोर्तुगीज साष्टी परत घेण्यासाठी आरमार आणत असल्याची वार्ता मुंबईस पोहोचली आणि कौन्सिलने तहाची वाट न पाहता सैन्य धाडले. १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला गेला. त्यात इंग्रज आरमाराचा अधिकारी वॉटसन प्राणघातक जखमी झाला. मढच्या टोकावरचा वर्सोव्याचा किल्लाही पडला. सुरतेचा तह झाला तो १७७५ च्या मार्चमध्ये. म्हणजे वस्तू आधी उचलली गेली आणि विक्रीखत मागाहून लिहिले गेले. त्या खतावर सही करताना राघोबादादांनी साष्टी-वसई सोडली, फौजेचा खर्च पत्करला आणि सुमारे सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवले.

आणि मग जे घडले, ते लष्करी मैत्रीच्या कोणत्याही अभ्यासकाने पहिल्या प्रकरणात घालावे असे आहे. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलला मुंबईकरांनी परस्पर ओढवलेले हे युद्ध नामंजूर होते. कर्नल अप्टन पुण्यास रवाना झाला आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. त्याने सुरतेचा तह रद्द ठरवला. इंग्रजांनी राघोबादादांची बाजू सोडायची, दादांनी वर्षासन घेऊन कोपरगावी राहायचे. आणि साष्टी? ती इंग्रजांकडेच राहिली. मोबदल्यात तीन लाख उत्पन्नाचा मुलूख घेऊन ती सोडायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकारही गव्हर्नर जनरलकडे. करार मोडला, मित्र वाऱ्यावर सोडला, पण करारात मिळालेले ते ठेवून घेतले. पुण्याच्या मुत्सद्द्यांनीही हे स्वीकारले, कारण त्या घटकेला त्यांना साष्टीपेक्षा राघोबादादांचा काटा निघणे महत्त्वाचे वाटत होते. दोष वाटायचाच झाला, तर तो एकट्या दादांच्या पदरात टाकून भागत नाही.

अमेरिकी अभ्यासक ग्लेन स्नायडर यांनी १९८४ मध्ये लष्करी मैत्रीतील दोन भयांची मांडणी केली. एक, मित्र ऐन वेळी सोडून देईल हे भय. दुसरे, मित्र आपल्याला त्याच्या लढाईत फरफटत नेईल हे भय. एक टाळू पाहावे तर दुसरे वाढते. १७७६ मध्ये ही दोन्ही भये एकाच तहाभोवती दिसतात: राघोबादादांच्या वाट्याला पहिले आले, कलकत्त्याने दुसऱ्याला घाबरून माघार घेतली. शीतयुद्धाच्या युरोपासाठी घडवलेले हे भिंग ठाण्याच्या खाडीवर रोखले तरी काम देते. तरीही त्यात साष्टीपुरते काहीतरी निसटते. स्नायडर यांची मांडणी दोन्ही बाजूंच्या भयांविषयी आहे. साष्टीत निर्णायक ठरला तो दोन्ही बाजूंच्या गरजांच्या आयुष्यातला फरक. बहादूरशाहाची गरज एका स्वारीपुरती, राघोबादादांची एका गादीपुरती. पोर्तुगीजांना आणि इंग्रजांना हवे होते ते बंदराच्या पाठीशी कायमचे उभे राहणारे बेट. हंगामी गरज असणारा कायमची वस्तू देऊन बसला की मैत्री किती निष्ठेने पाळली गेली, हा प्रश्नच गौण ठरतो.

हे कोणाला तेव्हा कळत नव्हते, असेही नाही. रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्र ही रचना १७१५ च्या सुमाराची. टोपीकरांना व्यापार करू द्यावा, पण समुद्रकाठी कायमची जागा देऊ नये, एकदा जागेवर बसले की ते उठत नाहीत, असा तिचा रोख आहे. कौटिल्यानेही अधिक बलवानाशी एकत्र येणे राजाला घातक म्हटले आहे, फक्त शत्रूशी आधीच युद्ध जुंपले असेल तर अपवाद केला आहे. अडचण अशी की मदत मागणारा प्रत्येक राजा स्वतःला त्या अपवादातच मोजतो.

नानासाहेब पेशव्यांनीही मोजले. तुळाजी आंग्र्यांचा बंदोबस्त करण्यासाठी त्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला, आंग्र्यांचे आरमार जळाले. विजयदुर्गाचा ताबा मिळवण्यासाठी पेशव्यांना इंग्रजांशी पुन्हा तह करावा लागला आणि बाणकोट त्यांना द्यावे लागले. इंग्रजी जहाजांना ज्याची धास्ती होती, ते आरमार पेशव्यांनी मित्राच्या हातून बुडवले, आणि अठरा वर्षांनी तोच मित्र साष्टीवर उतरला. या मैत्रीला ‘फितुरी’ म्हणण्याची पद्धत नाही. का नाही, याचे उत्तर इतिहासापेक्षा आवडत्या व्यक्तिरेखांच्या यादीत अधिक सापडेल.

साष्टी परत मिळण्याची सर्वांत मोठी संधी १७७९ च्या जानेवारीत आली. पुण्यावर चालून आलेली इंग्रजी फौज तळेगावातून मागे फिरली, वडगावला कोंडली गेली आणि १७७३ पासून घेतलेला सगळा मुलूख, साष्टीसह, परत करण्याचे तिने लिहून दिले. मुंबई आणि कलकत्ता या दोघांनीही तो करार झिडकारला. त्यावर नाना फडणीसांनी उत्तर शोधले तेही मैत्रीचेच: पुणे, हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांची चौकडी. कल्पना भव्य होती आणि काही काळ इंग्रज खरोखर हादरले. १७८० च्या सप्टेंबरात हैदरने पोल्लिलूरला बेलीची तुकडी कापून काढली. पण वॉरन हेस्टिंग्जने चौघांशी लढण्याऐवजी एकेकाची गरज ओळखली. निजामाला गुंटूर परत मिळाले, तो थंडावला. मुधोजी भोसल्यांची फौज कटकेत रेंगाळली आणि रोख रक्कम घेऊन स्वस्थ बसली. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. हैदरने जिंकलेला मुलूख त्याला सोडायला लावण्याची हमी त्यात पुण्याने घेतली. म्हणजे मित्राला वाऱ्यावर सोडण्याची कला फक्त इंग्रजांना येत होती, असे नव्हे. नानांनी मंजुरी लांबवत ठेवली. डिसेंबरात हैदर मरण पावला आणि १७८३ च्या फेब्रुवारीत तहाची देवघेव पुरी झाली.

सालबाईने वसई मराठ्यांना परत दिली. साष्टी, घारापुरी आणि उरणचे करंजा बेट इंग्रजांकडे राहिले. राघोबादादांना दरमहा २५ हजार रुपये तैनात मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ते वारले.

यानंतर वीस वर्षांनी, १८०२ च्या ऑक्टोबरात, हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांकडून पराभूत होऊन दादांचे पुत्र दुसरे बाजीराव वसईस आले. आपल्या आजोबांच्या धाकट्या भावाने जिंकलेल्या त्या गावात ३१ डिसेंबरला त्यांनी इंग्रजांशी तह केला. कंपनीची सहा हजार पायदळ फौज आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख, असे त्याचे स्वरूप. या तहात साष्टीविषयी घासाघीस करण्याचे कारणच उरले नव्हते. शतक पालटण्याच्या त्याच सुमारास, जोनाथन डंकन मुंबईचा गव्हर्नर असताना, शीव आणि कुर्ल्याच्या दरम्यान खाडीत भर घालून रस्ता बांधला गेला, आणि साष्टीतला तांदूळ बैलगाडीने मुंबईत जाऊ लागला.