गुठळी बातमीतली आणि गुठळी बाळंतिणीच्या खोलीतली

एप्रिल २०२४च्या अखेरीस ब्रिटनमधील न्यायालयीन कागदपत्रांतून एक कबुली चर्चेत आली: अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या कोविड लशीमुळे अत्यंत क्वचित प्रसंगी रक्तात गुठळ्या होऊ शकतात. भारतात हीच लस कोविशिल्ड या नावाने दिली गेली होती. वाहिन्यांनी ही बातमी नवा गौप्यस्फोट म्हणून मांडली. वस्तुतः हा विकार २०२१ मध्येच वैद्यकीय नियतकालिकांत नोंदला गेला होता. केंद्राच्या समितीनेही १७ मे २०२१ रोजी अशा संभाव्य घटनांचे प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१ असल्याचे जाहीर केले होते. तो प्रकट होतो लशीनंतरच्या काही आठवड्यांत, तीन वर्षांनी नव्हे. या दुर्मीळ विकाराने ज्यांची माणसे नेली, त्यांचे दुःख खरे आहे आणि न्यायाची मागणीही रास्त आहे. आक्षेप आहे तो भीतीच्या बाजारावर.

कारण मेंदूच्या नीलांतील गुठळी या देशाला लशीने दाखवलेली नाही. धमनी बुजली की मेंदूचा पुरवठा तुटतो. नीला बुजली की निचरा थांबतो. मोरी तुंबावी तसे रक्त मागे साचते, दाब वाढतो, कधी रक्तस्रावही होतो. परिणाम म्हणजे असह्य डोकेदुखी, अंधूक दृष्टी, झटके, अर्धांगवायू. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थांतील डॉक्टर गेली कित्येक दशके हे चित्र बाळंतिणींत पाहत आले आहेत.

प्रसूतीनंतरचे सुमारे सहा आठवडे रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यातच काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देण्याची रूढी. भरीला रक्तक्षय: पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. पूजा किंवा तीर्थयात्रेसाठी पाळी पुढे ढकलणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्याही धोका वाढवू शकतात; त्या मात्र अनेकदा डॉक्टरांच्या चिठ्ठीविनाच घेतल्या जातात. यांवर कोणती वाहिनी रात्रभर चर्चा घडवते?

खेदाची गोष्ट अशी, की हा आजार असाध्य नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६२४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मृत्यू किंवा परावलंबित्व सुमारे १३ टक्क्यांच्या वाट्याला आले. बहुसंख्य रुग्ण सावरले. उपचार हेपॅरिनचा, आणि गुठळीमुळे मेंदूत रक्तस्राव झालेला असतानाही तो दिला जातो. लशीनंतरच्या विकारात मात्र प्लेटलेट घटलेल्या असतात आणि हेपॅरिन टाळले जाते. दोन्ही गुठळ्यांना एकाच भीतीच्या पोत्यात कोंबणे म्हणूनच केवळ अडाणीपणाचे नव्हे, तर घातकही आहे.

साधा सीटी स्कॅन निर्दोष दिसला म्हणून निर्धास्त होता येत नाही. नीलांचे चित्रण करावे लागते. पण त्याआधी संशय यावा लागतो. बाळंतिणीची डोकेदुखी ‘जागरणाची’ आणि तिचे झटके ‘बाहेरच्या बाधेचे’ ठरत राहिले, तर महागडे यंत्र काय करणार?

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी दुर्मीळ धोक्याची चर्चा अवश्य करावी. पण तिच्याशेजारी नेहमीचा धोकाही मांडावा. बाळंतिणीला पुरेसे पाणी, गर्भारपणात लोहाच्या गोळ्या आणि वाढत्या डोकेदुखीची वेळीच दखल, यांना बातमीमूल्य नाही. जीव मात्र यांनीच वाचतात.