भिंतीवरची पेटी सांभाळा

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक लहान बंद पेटी असते. बऱ्याच जणांना ती विजेची वाटते. तसं नाही. २०११ साली मंजूर झालेल्या आणि २०१५ पासून ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेची केबल तिथे येऊन संपते.

केबलमध्ये केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा असतात. त्यांतून वीज नव्हे, प्रकाश धावतो. बाहेरची तार पेटीत आतल्या तारेला वितळवून जोडलेली असते. तार जादा वाकली, टोकाला धूळ बसली, की प्रकाश गळतो आणि नेट बंद पडते. मग सातबाऱ्यासाठी, पीकविम्याच्या अर्जासाठी तालुक्याला खेटे घाला. मुदत काही आपल्यासाठी थांबत नाही.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एवढं पाहावं: पेटीला ओल लागू नये, उंदीर शिरू नयेत, केबलला पिशव्या अडकवू नयेत. झाकण फक्त तंत्रज्ञानेच उघडावं. तारेच्या टोकाशी डोळा नेऊ नका. आतला लेसर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. रस्त्याकडेला चर खणण्याआधी केबल कुठून गेली ते विचारा.

विहिरीवरचा स्टार्टर आपण जपतोच ना? तशीच ही पेटीही जपा.