शिखराचा हिशेब पायथ्याशी

हिंगोलीच्या बाजारात हळदीचा सौदा रंगात आलेला असताना जुन्या पिढीतील आडत्याच्या हाती कागद क्वचितच दिसतो. कोणत्या गावचा माल, कांडी किती, गट्टू किती, मागील हंगामात त्याच शेतकऱ्यास कोणता भाव मिळाला होता, कोणाची उधारी किती दिवसांची, ही सारी खतावणी त्याच्या मस्तकातच असते. व्यापारी घराण्यात स्मरणशक्ती हेही भांडवल मानले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र हे भांडवल प्रत्येक श्वासावर अवलंबून असते, याचा विसर पडतो. उन्हाळ्याच्या सुटीत सहकुटुंब हिमालयाच्या यात्रेचा बेत आखताना तर हा विसर महागात पडू शकतो.

मानवी मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटा वापरतो. शिवाय त्याच्यापाशी प्राणवायूचा साठा जवळजवळ नसतोच. स्नायू काही काळ उधारीवर काम करू शकतात. मेंदूचा व्यवहार मात्र रोखीचा आहे. पुरवठा घटला की परिणाम तत्काळ जाणवू लागतो.

हिंगोली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. येथील हवेत आणि हिमशिखरावरील हवेत प्राणवायूचे प्रमाण सारखेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. फरक असतो तो हवेच्या दाबात. बद्रीनाथ येथे, सुमारे ३,१०० मीटर उंचीवर, हा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के उरतो. सुमारे ३,५०० मीटरवरील लेह येथे तो आणखी उतरतो आणि ५,३५९ मीटरवरील खारदुंगला खिंडीत जेमतेम निम्म्यावर येतो. श्वास तेवढाच घेतला, तरी पदरात पडणारा प्राणवायू कमी असतो.

येथेच अनेक श्रद्धाळू कुटुंबांची गफलत होते. श्री सम्मेदशिखरजीची सत्तावीस किलोमीटरची वंदना अनवाणी पूर्ण केलेली असते, गिरनारच्या हजारो पायऱ्या चढून झालेल्या असतात, मांगीतुंगीचे दर्शन तर अनेकदा घडलेले असते. मग मोटारीने थेट पोहोचता येणाऱ्या बद्रीनाथचे भय कसले, असे सहज वाटते. परंतु ही तिन्ही क्षेत्रे दीड हजार मीटरच्या आतील आहेत. तेथे कसोटी लागते ती पायांची. अष्टापद म्हणून परंपरेने मानलेल्या कैलासाच्या परिक्रमेत डोल्मा खिंड ५,६०० मीटरच्याही वर आहे. तेथे कसोटी लागते ती मेंदूची. या कसोटीत तारुण्य, व्यायाम किंवा पूर्वीच्या यात्रांचे पुण्य यांपैकी कशाचीही हमी नाही. उलट धडधाकट माणूस वेगाने चढतो आणि अधिक लवकर अडचणीत येतो.

विरळ हवेत प्रथम मंदावते ती नवी गोष्ट टिपून ठेवण्याची शक्ती. नव्या आठवणी घडविणारा मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग प्राणवायूच्या तुटवड्यास विशेष संवेदनशील आहे. त्यामुळे बालपणीचे स्तोत्र अस्खलित म्हणता येते, पण खोलीचा क्रमांक आठवत नाही; सकाळचे औषध घेतले की नाही, हे सांगता येत नाही. साध्या बेरजेस वेळ लागतो. रात्री झोपेत श्वासाची लय बिघडून वारंवार जाग येते आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशीची स्मृती आणखी मलूल होते. थोड्या दिवसांच्या यात्रेनंतर खाली उतरले की हे परिणाम सामान्यतः नाहीसे होतात. अतिउंच शिखरांवरील गिर्यारोहकांची गोष्ट वेगळी. एव्हरेस्टवर गेलेल्या काही गिर्यारोहकांच्या मेंदूची चित्रे स्पेनमधील वैद्यकांनी तपासली आणि २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बहुतेकांच्या मेंदूत झीज झाल्याचे नोंदविले.

परंतु विस्मरणाहूनही मोठा धोका दुसराच आहे. ज्या बुद्धीने संकट ओळखायचे, तीच बुद्धी मंदावते. १८७५ साली ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून तीन फ्रेंच संशोधक आठ हजार मीटरच्या आसपास पोहोचले. प्राणवायूच्या पिशव्या सोबत होत्या. तरीही दोघे दगावले. बचावलेल्या तिसांदिए यांनी नंतर सांगितले की, त्या वेळी भय तर वाटले नाहीच, उलट मनात एक प्रकारचा आनंद दाटला होता. १९३३ साली एव्हरेस्टवर एकटेच चढणारे फ्रँक स्मिथ यांनी खिशातील खाऊचा तुकडा मोडून अर्धा भाग सोबत्यापुढे धरला. प्रत्यक्षात सोबत कोणीही नव्हते.

भारतीयांसाठी हा विषय केवळ परदेशी साहसकथांपुरता नाही. १९६२च्या चीन युद्धाच्या काळात मैदानी प्रदेशातील जवानांना घाईने हिमालयाच्या उंचीवर न्यावे लागले. अशा १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास लष्करी वैद्यक इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला. उंचीच्या आजारावरील पायाभूत लेखनात तो आजही गणला जातो. निवडक, तरुण जवानांची ही स्थिती, तर गादीवर बैठे काम करणाऱ्या साठीतील गृहस्थाने अधिक सावध राहणे ओघानेच आले.

व्यापारी कुटुंबात हा धोका एका विशेष कारणाने वाढतो. तेथे शब्द चालतो तो वडीलधाऱ्यांचा. आजोबा म्हणाले, “काही होत नाही, दर्शन घेऊनच परतू,” की सून गप्प बसते आणि नातू मान खाली घालतो. आजोबांची चाल अडखळते, ते तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारतात, अकारण चिडतात. घरचे त्याला थकवा, वय किंवा भक्तीची तंद्री समजतात. वस्तुतः डोकेदुखी आणि मळमळ यांच्यापाठोपाठ येणारा गोंधळ आणि अडखळती चाल ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते. अशा वेळी सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालण्यास सांगावे. तोल जात असेल, तर क्षणही न दवडता, शक्य तर प्राणवायू देत, सोबतीने खाली उतरवावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी. सकाळपर्यंत वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

हिशेबाच्या जगात एक नियम सर्वमान्य आहे: स्वतःच्या वहीचा तपासनीस स्वतः होता येत नाही. उंचीवर बुद्धीलाही हाच नियम लागू करावा. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेने २०१२ साली एव्हरेस्ट आणि २०१९ साली कांचनजंगा सर केले. अशा मोहिमांच्या जगात माघारी फिरण्याची वेळ आधीच ठरविण्याची शिस्त आहे. कारण शिखराजवळचे मस्तक भरवशाचे नसते. यात्रेस निघणाऱ्या कुटुंबानेही घरच्या बैठकीतच ठरवावे की, घरातील एका सावध व्यक्तीने, मग ती वयाने धाकटी का असेना, ‘खाली चला’ म्हटले की थोरांनी वाद न घालता उठावे. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये. लेहला विमानाने उतरल्यास पहिले दोन दिवस विश्रांतीचे मानावेत. प्रतिबंधक गोळी घ्यायची असल्यास निघण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा. चौविहार किंवा उपवास यांचा नियम असलेल्यांनी गुरुमहाराजांशी आधीच बोलून तिथींची आखणी करावी. पाण्याने उंचीचा आजार टळत नाही हे खरे. पण कोरड्या शरीराची डोकेदुखी आणि उंचीची डोकेदुखी यांतील फरक कळेनासा होतो. आणि दुकानाचा मोठा सौदा फोनवरून तेथून मुळीच करू नये.

आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाच्या अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा अशा पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि हे ज्ञान इंद्रिये व मन यांच्या निमित्ताने होते, असेही स्पष्ट केले आहे. निमित्त दुबळे झाले की पहिली पायरीच डळमळते. मग धारणा कोठून टिकणार? म्हणून उंचीवर बुद्धी थकली, तर त्यात कमीपणा नाही, श्रद्धेची उणीवही नाही. दर्शन अर्ध्यावर सोडून आजोबा नातवाचा हात धरून उतरले, तर त्या दिवशी घराण्याने काही गमावले असे होत नाही. पुढच्या हंगामात कोणत्या गावची हळद कोणत्या भावाने गेली, हे सांगणारे मस्तक गादीवर शाबूत परत येते.