वर्दीची निष्ठा आणि लॉजची शपथ

लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिस दलाने डिसेंबर २०२५ मध्ये एक निर्णय जाहीर केला. दलातील कोणी अधिकारी वा कर्मचारी फ्रीमेसन संघटनेचा आजी वा माजी सदस्य असेल, तर त्याने ही माहिती वरिष्ठांना देणे बंधनकारक ठरले. यात संघटनेवर बंदी नव्हती आणि सदस्यांची नावे जगजाहीर करण्याची अटही नव्हती. तरीही इंग्लंडमधील फ्रीमेसनांच्या शिखर संस्थेने, युनायटेड ग्रँड लॉजने, त्याविरुद्ध न्यायालयाची पायरी चढली. दलाने घेतलेल्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश प्रतिसादकर्त्यांनी या बदलाला पाठिंबा दिला होता. एका साध्या नोंदणीवरून एवढा गहजब का व्हावा, हे समजण्यासाठी जुन्या इतिहासात डोकावावे लागते.

फ्रीमेसनरी ही लॉज नावाच्या शाखांमधून चालणारी, मुख्यत्वे पुरुषांची बंधुसंस्था. मुंबईकरांना ती फोर्टमधील फ्रीमेसन्स हॉलमुळे नावाने तरी परिचित आहे. दानधर्म, सदाचार आणि सदस्यांनी एकमेकांना साह्य करणे ही तिची घोषित तत्त्वे. बंधूचे गुपित राखण्याच्या शपथेतून गुन्हे वगळलेले आहेत आणि कायद्याचे पालन हे सदस्याचे पहिले कर्तव्य आहे, असे संघटना सांगते. आक्षेप या लिखित नियमांवर नाही. तपास करणारा, ज्याचा तपास व्हायचा तो आणि तपासावर देखरेख ठेवणारा असे तिघेही एकाच लॉजमध्ये बसत असतील, तर त्याची कल्पना चौथ्याला नसावी काय, हा खरा प्रश्न आहे.

सल्ला आणि त्याला मिळालेले उत्तर

पत्रकार स्टीफन नाइट यांच्या १९८४ च्या ‘द ब्रदरहुड’ या पुस्तकाने हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. पुढच्याच वर्षी तत्कालीन पोलिस आयुक्त सर केनेथ न्यूमन यांच्या कारकिर्दीत निघालेल्या आचारपुस्तिकेने अधिकाऱ्यांना या संघटनेपासून दूर राहण्याचा सल्ला दिला. त्याचे उत्तर वर्षभरातच मिळाले. जानेवारी १९८६ मध्ये याच दलातील अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने ‘मॅनर ऑफ सेंट जेम्सेस’ हा नवा लॉज स्थापन झाला. सल्ला हा सल्लाच राहिला.

संसदेच्या गृहविषयक समितीने १९९७ मध्ये पोलिस व न्यायाधीशांच्या सदस्यत्वाविषयी अहवाल दिला. त्यानंतर तत्कालीन गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी १९९८ मध्ये नोंदणीची योजना मांडली. पोलिसांसाठी ती ऐच्छिक ठरली आणि तिचा फारसा उपयोग झाला नाही. न्यायाधीशांसाठी असलेली सक्ती २००९ मध्ये मागे घेण्यात आली. इटलीतील एका प्रकरणात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००७ मध्ये दिलेला निकाल त्यामागे होता. एखाद्या संघटनेच्या सदस्यांनाच वेगळे काढून अशी अट घालणे हा भेदभाव आहे, असे त्या न्यायालयाचे मत पडले. दलाने २०२५ च्या निर्णयात फ्रीमेसनांबरोबरच श्रेणीबद्ध रचनेच्या, सदस्यत्व गोपनीय ठेवणाऱ्या आणि परस्परांच्या रक्षणाची अपेक्षा बाळगणाऱ्या सर्वच संघटना गोवल्या, त्याचे मर्म या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

एक खून, पाच तपास

या वादाला खरी धार आली ती डॅनियल मॉर्गन प्रकरणामुळे. मॉर्गन हे खासगी गुप्तहेर. १० मार्च १९८७ रोजी आग्नेय लंडनमधील एका मद्यगृहाच्या वाहनतळावर कुऱ्हाडीने त्यांचा खून झाला. पाच तपास होऊनही आजतागायत कोणालाही शिक्षा झालेली नाही. बॅरोनेस नुआला ओलोन यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने जून २०२१ मध्ये अहवाल दिला. या तपासांशी संबंधित दहा प्रमुख पोलिस अधिकारी फ्रीमेसन होते, असे त्यात नमूद आहे. मात्र खुनासाठी किंवा तपास बिघडवण्यासाठी लॉजच्या संबंधांचा गैरवापर झाल्याचा पुरावा समितीला आढळला नाही. संशयाचे हे कारण वारंवार डोके वर काढते, म्हणून सदस्यत्वाची नोंद सक्तीची करावी, अशी शिफारस मात्र समितीने केली.

हिल्सबरो दुर्घटनेतही असेच घडले. १९८९ मधील त्या चेंगराचेंगरीत ९७ जणांचा बळी गेला. त्या दिवशी बंदोबस्ताची सूत्रे ज्यांच्याकडे होती, त्या अधिकाऱ्याने आपण फ्रीमेसन असल्याचे २०१५ मध्ये कॉरोनरपुढे मान्य केले. सदस्यत्व सिद्ध झाले, पण त्याने काही बिघडले हे सिद्ध झाले नाही.

इटलीत मात्र पुरावा हाती लागला होता. १९८१ मध्ये लिचिओ जेल्ली याच्याकडे ‘पी-टू’ लॉजची ९६२ नावांची यादी सापडली. तीत गुप्तचर यंत्रणांचे प्रमुखही होते. सरकार कोसळले आणि १९८२ मध्ये गुप्त संघटनांविरुद्ध कायदा झाला. ब्रिटनमध्ये अशी यादी कधी सापडलेली नाही. आरोप सिद्ध करणे अवघड आणि फेटाळणे त्याहून अवघड, अशी तेथील कोंडी आहे.

खरा लॉज कोणता?

येथेच सावध राहायला हवे. मॉर्गन समितीने दलावर ‘संस्थात्मक भ्रष्टाचारा’चा ठपका ठेवला, तो लॉजचा दोष न दाखवताच. स्वतःच्या चुका झाकणे आणि प्रतिमेसाठी सत्य दडवणे हे समितीच्या मते त्या भ्रष्टाचाराचे रूप होते. दलाने तो ठपका अमान्य केला. सहकाऱ्याविरुद्ध तोंड उघडायचे नाही, आपल्या माणसाला पाठीशी घालायचे, ही रीत शिकण्यासाठी पोलिसाला कोणत्याही लॉजची दीक्षा घ्यावी लागत नाही. ती त्याला ठाण्यातच मिळते.

म्हणून सक्तीची नोंद आवश्यक असली, तरी पुरेशी नाही. गुन्हेगारांशी, बडतर्फ पोलिसांशी वा खासगी गुप्तहेरांशी असलेले संबंध या दलात आधीपासूनच कळवावे लागतात. त्या यादीत आणखी एका नावाची भर पडल्याने प्रामाणिक फ्रीमेसन अधिकाऱ्याचे नुकसान होण्याचे कारण नाही. उलट त्याच्यावरील किटाळ दूर होईल. पण नोंदवहीत नाव आले म्हणजे दलातील बंधुभावाची शुद्धी झाली, असा समज वरिष्ठांनी करून घेतला, तर लॉज ही सोयीची ढाल ठरेल. मॉर्गन कुटुंबाने तीन दशकांहून अधिक काळ न्यायासाठी दारे ठोठावली. आतल्यांपैकी कोणी सत्य सांगितले, तर त्याला संरक्षण मिळेल काय, हे त्यांना हवे असलेले उत्तर कोणत्याही नोंदवहीत सापडणारे नाही.