कुराणात जात नाही. मग मुसलमानांत कुठून आली?

"इस्लाममध्ये जात नाही." हे वाक्य मौलवी जुम्म्याच्या तकरीरीत सांगतात. केंद्र सरकारनेही 2022 साली सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन जवळपास हेच सांगितले: मुस्लिम आणि ख्रिश्चन समाजात अस्पृश्यता नाही, म्हणून त्यांना अनुसूचित जातीचा दर्जा नाही. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोघे इथे एका सुरात कसे बोलतात? आणि या एकमताची किंमत कोण मोजतो?

आधी ग्रंथाकडे पाहू. सूरह अल-हुजुरातच्या 13 व्या आयतीत सर्व माणसे एका स्त्री-पुरुषापासून झाली, टोळ्या-वंश केवळ ओळखीसाठी आहेत आणि श्रेष्ठत्व फक्त धर्मपरायणतेवर ठरते, असे स्पष्ट म्हटले आहे. ही आयत मोठीच आहे. पण समाज कसा असावा हे ती सांगते. समाज तसा आहे, याचा तो पंचनामा नव्हे.

खाली उतरले की चित्र बदलते. हनफी फिकहमध्ये लग्नासाठी 'कुफू' म्हणजे बरोबरी पाहिली जाते आणि त्यात वंश व धंदाही मोजला जातो. अशरफ अली थानवींचे 'बहिश्ती जेवर' आजही नव्या नवरीला भेट दिले जाते. त्यात सय्यद-शेखांच्या तोडीचे मोगल-पठाण नाहीत आणि विणकर शिंप्याच्या तोडीचा नाही, असा हिशेब आहे. आयत समतेची, पण सोयरीक जातीची! जातीची भिंत रोटीपेक्षा बेटीच्या व्यवहारात पक्की असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

बाबासाहेबांनी 'पाकिस्तान अथवा भारताची फाळणी'मध्ये 1901 च्या बंगालच्या जनगणनेचा आधार देऊन अशरफ, अजलाफ आणि अरझल ही उतरंड मांडली. अरझल म्हणजे हलालखोर, लालबेगी, मेहतर. त्यांना मशिदीत आणि सार्वजनिक कब्रस्तानातही मज्जाव होता. सच्चर समितीनेही 2006 साली हेच तीन थर नोंदवले.

आता गंमत पाहा. हलालखोर आणि लालबेगी ही नावे महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे धर्माच्या रकान्यात 'इस्लाम' लिहिले की दाखला मिळत नाही. मैला तोच, झाडू तोच, जात तीच. फक्त हक्क नाही.

हा अन्याय आपल्याला अनोळखी आहे का? 1956 ला धम्मदीक्षा घेतली आणि 'बौद्धांत जात नाही' म्हणून केंद्राने आपल्या सवलती नाकारल्या. 1990 पर्यंत, तब्बल 34 वर्षे! धम्मात जात नव्हती, पण गावाने आमची जात विसरली होती का?

काही मित्र विचारतील, त्यांना घेतले तर आपला वाटा कमी होणार नाही का? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर संख्येनुसार कोटा वाढवून मागणे हे आहे. भंग्याला भंग्याविरुद्ध उभे करणे हे उत्तर नव्हे. रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 साली हा दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली, ती धूळ खात पडली आहे.

कुराणातली उणीदुणी काढून मुसलमानांना झोडपणे हा संघाचा धंदा आहे, तो आपण करायचा नाही. पण ग्रंथाचे नाव घेतले की गप्प बसणे हेही आपले काम नाही. महाराष्ट्रात शब्बीर अन्सारी आणि विलास सोनवणे यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, बिहारमध्ये अली अन्वर यांनी पसमांदांची. धर्म न सोडता त्यांनी जातीवर बोट ठेवले आणि हक्क संविधानाकडे मागितला. आपला हात त्यांच्या हातात हवा.

कुणी पुन्हा म्हणालेच, की इस्लाममध्ये जात नाही, तर एवढेच विचारा: तुमची मुलगी हलालखोराच्या घरात देणार का? उत्तर ग्रंथात शोधू नका. समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचा.