ओकांना ऊन द्या!

ओक म्हटलं की आपल्याला आधी पुण्यातलं आडनाव आठवतं. पण मी बोलतेय ते झाडाबद्दल. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलांत त्याची चांगलीच गोची झालीये. ओकच्या रोपाला ऊन लागतं. पूर्वीच्या वणव्यांमुळे जंगल मोकळं राहायचं. २०व्या शतकात आगी विझवायला लागले आणि सावलीतही मजेत वाढणारे लाल मेपल माजले.

मग जंगलमालक काय करतात? चक्क झाडं तोडतात! दणकट ओक निवडायचा, मान वर करून बघायचं आणि त्याच्या माथ्याला टेकणारे शेजारी काढायचे. माथा पसरला की फळं वाढतात. हरणं, खारी, रानटर्की, अस्वलं यांची हिवाळ्याची बेगमी हीच. लाल ओकचं फळ पिकायला दोन वर्षं लागतात, पांढऱ्याचं एकाच वर्षात पिकतं. म्हणून दोन्ही राखायचे, म्हणजे एकाचा हंगाम बुडाला तरी दुसरा असतो. ढोलीवालं वठलेलं झाडही ठेवायचं. तो घुबडांचा फ्लॅट!

‘झाडे लावा, झाडे जगवा’ ऐकत वाढलेल्या आपल्याला हे पचायला जड जातं. पण तिकडे कधी ट्रिपला गेलात आणि जंगलात ताजे खुंट दिसले, तर लगेच शिव्या घालू नका. आधी वर बघा. ऊन कुणाला मिळालंय?