विकत घेतलेल्या यंत्राचा धनी कोण?

सोलापुरांत ज्यांचें बालपण गेलें त्यांस मागाचा खडखडाट कांहीं नवा नाहीं. साखर पेठेच्या बाजूनें जातांना एखाद्या कारखान्यांत डोकावून पाहिलें, तर मागाच्या डोक्यावर भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ सावकाश फिरत असलेली दिसे. आतां कांहीं ठिकाणीं तिची जागा विजेच्या पेटीनें घेतली आहे, परंतु तत्त्व तेंच. चादरीवर उमटणारा मोर विणकराच्या बोटांत नसून त्या भोकांत असतो. भोंक असेल तेथें ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तेथें तो खालींच राहतो. फ्रान्समधील लियाँ शहरच्या जोसेफ मारी जकार यानें १८०४ मध्यें ही युक्ति सिद्धीस नेली, आणि पुढें इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यानें आपल्या गणनयंत्राची कल्पना रचतांना हेच पुठ्ठे उसने घेतले. नक्षी पालटावयाची तर माग मोडावा लागत नाहीं. माळ बदलली कीं झालें.

हें सारें आठवण्याचें कारण असें कीं, गेल्या वर्षीं आमच्या घरांत अशीच एक माळ बदलण्याचा उद्योग झाला, आणि त्यांत आमचें नुकसानहि झालें.

आमच्या थोरल्या वहिनींजवळ पुष्कळ दिवसांचा एक मोबाईल आहे. यंत्र उत्तम, पडदा स्वच्छ, आवाज खणखणीत. परंतु तें करणाऱ्यांनीं त्याच्या ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ची डागडुजी तीन वर्षांतच थांबविली. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राच्या आंतला कारभारी. आपण पडद्यावर बोट ठेवलें कीं तें कोणास कळवावें, स्मृतींतील जागा कोणास किती द्यावी, कोणत्या दारास कुलूप लावावें, हें सर्व तो पाहतो. चोर दरमहा नव्या किल्ल्या घडवितात, यास्तव कुलपेंहि वरचेवर पालटावीं लागतात. तीं पालटणें बंद झालें म्हणजे धडधाकट यंत्रहि धोक्याचें ठरतें. दुकानदाराचा सल्ला ठरलेला: नवें घ्या. साखर पेठेंतील एखाद्या विणकरास माग विकणाऱ्यानें सांगितलें असतें कीं, ‘या मागावर आमचीच माळ चालेल, आणि तीन वर्षांनंतर आम्ही ती दुरुस्त करून देणार नाहीं’, तर त्या विणकरानें त्याची संभावना कोणत्या शब्दांत केली असती, तें या मासिकांत छापण्याजोगें नाहीं.

आमच्या बंधूंचा नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. परीक्षेच्या पुस्तकांपेक्षां जुन्या मोबाईलांत त्याचें मन अधिक रमतें. मूळचा कारभारी काढून त्या जागीं आपण घडविलेला बसवावयाचा, हा त्याचा छंद. आपल्या फुटक्या यंत्रावर तो प्रयोग साधल्यावर त्यानें आजीचें यंत्र हातीं घेतलें. या यंत्रांच्या दारांत ‘बूटलोडर’ नांवाचा एक पहारेकरी असतो. करणाऱ्याच्या शिक्क्याचा कारभारी असेल तरच तो आंत सोडतो. त्याचें कुलूप काढतां येतें. परंतु तें काढतांक्षणीं यंत्र आपल्या पोटांतील सर्व कांहीं पुसून टाकतें. हा दुष्टपणा नव्हे. चोरानें यंत्र पळवून कुलूप काढलें तरी आंतील खाजगी गोष्टी त्याच्या हातीं लागूं नयेत, ही त्यांतील योजना आहे, आणि ती योग्यच आहे. पडद्यावर तशी सूचना आली. मुलानें ती वाचली, आणि ‘होय’ म्हटलें. छायाचित्रें दुसरीकडे उतरवून ठेवलेलीं होतीं. आणखी कांहीं आहे काय, हें त्यानें आजीस विचारलें नाहीं.

आणखी होतें. आमचे बंधु दोन वर्षांपूर्वीं वारले. त्यांच्या आवाजांतील रामरक्षा त्या यंत्रांत होती, आणि वहिनी ती रोज तिन्हीसांजेस लावीत.

त्या मुलास कोणी रागावलें नाहीं. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “असूं दे रे, मला पाठ आहे.” दोन दिवस तो जेवणाच्या पानावरून लवकर उठत असे. आम्हीं मात्र त्याला जवळ बसवून, हा उद्योग कोठून आला, आणि चांगलीं माणसें त्याच्या मागें कां लागतात, हें विचारून घेतलें. त्यानें सांगितलें तें आम्हीं नंतर ताडून पाहिलें, आणि वाचकांसहि तें कळावें असें वाटलें.

गूगलच्या ‘अँड्रॉइड’ या प्रणालीवर चालणारा पहिला मोबाईल, एचटीसी ड्रीम, २००८ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत विक्रीस आला. त्या पहिल्या यंत्रांत एक गमतीचा दोष राहून गेला होता. मनुष्य कळफलकावर जें कांहीं टंकी, तें पडद्यामागें यंत्रास सर्वाधिकाऱ्याची आज्ञा म्हणूनहि पोंचत असे. मित्रास पत्र लिहितां लिहितां कोणी ‘रीबूट’ हा शब्द लिहून ओळ संपविली, कीं यंत्र खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई! दोष लवकरच दुरुस्त झाला. परंतु तेवढ्यांत जिज्ञासूंनीं त्या फटींतून आंत प्रवेश मिळविला होता. ‘जीझसफ्रीक’ या टोपणनांवानें वावरणाऱ्या एकानें सुधारलेली प्रणाली तयार करून वांटली, आणि २००९ मध्यें काम सोडतांना आपल्या अनुयायांस दुसऱ्या एका छांदिष्टाकडे पाठविलें. त्याचें नांव स्टीव्ह कोंडिक, टोपणनांव ‘सायनोजेन’. यावरून त्याच्या प्रणालीस ‘सायनोजेनमॉड’ हें नांव पडलें.

हें चोरीचें काम होतें काय? मुळींच नव्हे. अँड्रॉइडच्या तळाशीं लिनक्स हा गाभा आहे. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ मध्यें तो आरंभिला, तेव्हां हा आपला केवळ छंद आहे असें त्यानें स्वतःच जाहीर केलें होतें. त्याचा परवाना असा कीं, जो तो घेऊन वांटील त्यानें त्याची मूळ संहिताहि दिली पाहिजे. वरचा अँड्रॉइडचा बराचसा भागहि गूगलनें सर्वांस खुला ठेवला. खाजगी राहिले ते नकाशे, जीमेल यांसारखे गूगलचे स्वतःचे कार्यक्रम, आणि कॅमेरा किंवा ध्वनि चालविणारे, भाग बनविणाऱ्यांनीं बंद डब्यांत दिलेले तुकडे. २००९ च्या सप्टेंबरांत गूगलनें कोंडिकला नोटीस दिली ती नेमकी आपल्या कार्यक्रमांविषयीं. त्यानें ते काढून घेतले, ज्यानें त्यानें ते आपल्याच यंत्रांतून उतरवून पुन्हा घालावे अशी वाट काढली, आणि काम पुढें चालू ठेविलें. आम्हांस या प्रसंगांत दोन्ही पक्ष समंजस वाटले.

खरी परीक्षा पुढें आली. देशोदेशींचे स्वयंसेवक एकेका यंत्रासाठीं रात्री जागवीत होते, आणि २०१३ मध्यें या छंदाची कंपनी झाली. भांडवल आलें, आणि त्याबरोबर भांडणहि. एका सहकाऱ्यानें कॅमेऱ्याचा एक सुंदर कार्यक्रम रचला होता. त्याचा परवाना कंपनीच्या सोयीचा करावा कीं नाहीं यावरून वाद झाला, आणि त्यानें तो मागें घेतला. २०१४ च्या अखेरीस ही कटकट आपल्या देशांतहि पोंचली. भारतापुरता सायनोजेनचा हक्क कंपनीनें मायक्रोमॅक्सला दिला, आणि तीच प्रणाली घेऊन येथें आलेल्या वनप्लसच्या विक्रीवर दिल्लीच्या उच्च न्यायालयानें डिसेंबरांत कांहीं दिवस मनाई केली. पुढल्याच वर्षीं गूगलच्या हातून अँड्रॉइड काढून घेण्याची भाषा कंपनीचे चालक करूं लागले. २०१६ च्या अखेरीस सारा डोलारा बसला. कोंडिक बाहेर पडला. ३१ डिसेंबरास कंपनीनें आपली सेवा बंद केली. मुख्य म्हणजे ‘सायनोजेन’ हें नांव कंपनीच्या मालकीचें असल्यामुळें, ज्यांनीं तें काम सात वर्षें केलें त्यांनाच तें वापरणें सुरक्षित राहिलें नाहीं. छांदिष्टाचें टोपणनांवसुद्धां व्यापारांत गेलें.

परंतु संहिता गेली नाहीं. ती कोणा एकाची नव्हतीच. त्याच आठवड्यांत स्वयंसेवकांनीं ती उचलून ‘लिनिएज’, म्हणजे परंपरा, या नांवाखालीं काम पुन्हा सुरू केलें, आणि तें आजहि चालू आहे. आमचा नातू काम करतो तें याच प्रणालीवर.

आपल्याकडे असे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. मुंबईच्या आय.आय.टी.तून शिकून बाहेर पडलेल्या राकेश देशमुख व त्यांच्या सोबत्यांनीं अँड्रॉइडच्या पायावर ‘इंडस ओएस’ ही भारतीय भाषांची प्रणाली उभी केली; ती मायक्रोमॅक्सच्या यंत्रांवर आली, आणि इंग्रजीशिवाय अडणाऱ्या पुष्कळांस तिच्यामुळें मोबाईल मराठींतून वापरतां आला. तो छंद नव्हता, धंदा होता. २०२२ मध्यें फोनपेनें तो विकत घेतला. मद्रासच्या आय.आय.टी.च्या छायेखालीं वाढलेल्या ‘भारओएस’चा २०२३ मध्यें मोठा गाजावाजा झाला. आम्हांस गाजावाजापेक्षां, कोणत्याहि घरांतील मुलास आपलें यंत्र उघडून पाहतां यावें, ही गोष्ट अधिक मोलाची वाटते. ती सोय मात्र दिवसेंदिवस आखडत चालली आहे. २०२५ पासून गूगल अँड्रॉइडचें काम बंद दारांआड करून, संहिता तयार झाल्यावरच बाहेर देतें.

मुलाचे कष्ट आम्हीं पाहिले आहेत. ही प्रणाली घरीं घडवावयाची तर ४०० गिगाबाइट जागा मोकळी असावी असें अँड्रॉइडच्या सूचनांतच म्हटलें आहे. त्याचें यंत्र इतकें समर्थ नाहीं; घडण रात्रभर चाले, पहांटे एका स्वल्पविरामाच्या चुकीवर थांबे, आणि वीज गेली कीं पुन्हा श्रीगणेशा. वहिनींच्या यंत्राचा कॅमेरा तीन आठवडे उलटें चित्र दाखवीत होता. पण अखेर तें यंत्र नीट चाललें, आणि आतां त्याचीं कुलपें दरमहा पालटलीं जातात. एक उणीव राहिली. वहिनींच्या बँकेच्या कार्यक्रमास असें बदललेलें यंत्र विश्वासार्ह वाटत नाहीं. तो उघडतच नाहीं. पेन्शन जमा झालें कीं नाहीं हें पाहण्यास वहिनी पुस्तक घेऊन बँकेंत जातात. यंत्र आपलें झालें तें आपल्यापुरतें. बँकेला तें पटविणें नातवाच्या हातीं नाहीं, आणि यावर आमच्याजवळहि उत्तर नाहीं.

रामरक्षा परत मिळाली नाहीं. मुलानें सगळ्या नातेवाइकांस लिहून विचारलें. पुण्याच्या भाचीकडे बंधूंनीं पूर्वीं चुकून पाठविलेला एक निरोप निघाला, तो मुळांत घरांतल्यांसाठीं होता. आमच्या गांवीं नळाला पाणी रोज येत नाहीं, हें बाहेरच्या वाचकांस सांगितलें पाहिजे. निरोप एवढाच: “पाणी आलें आहे, हौद भरून घ्या.” नातवानें तोच आवाज आजीच्या यंत्राची घंटा म्हणून बसविला आहे. पहिले दोन दिवस घरांतली नवी सून घंटा वाजली कीं कळशी घेऊन नळाकडे धांवत असे.